इन्स्टॉलफेस्टपासून मीटअपपर्यंत

वीस-बावीस वर्षांपूर्वी पुण्यात लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली हवी असेल तर ती माणसाकडूनच मिळायची. ५६ केबीपीएसच्या डायल-अपवर एक सीडी उतरवायला अख्खा दिवस पुरायचा नाही, आणि २००३ साली आलेलं रेड हॅट कंपनीचं लिनक्स, रेड हॅट ९, तर तीन सीड्यांचं होतं. त्यामुळे पुणे लिनक्स युजर्स ग्रुपच्या, म्हणजे ‘प्लग’च्या, बैठकीला जायचं ते निव्वळ व्याख्यानासाठी नव्हे, कुणाकडे कोणती सीडी आलीय याचाही सुगावा तिथेच लागायचा.

त्या काळाचा खरा उत्सव म्हणजे इन्स्टॉलफेस्ट, लोकांच्या संगणकांवर लिनक्स बसवून देण्याचा मेळावा. स्कूटरवर पायाशी सीपीयू ठेवून लोक यायचे. घाम फुटायचा तो पार्टिशन करताना. डिस्कवर मोकळी जागा नाही, बॅकअप नाही आणि डी ड्राइव्हमध्ये कुणाच्या तरी मुंजीचे फोटो. स्वयंसेवक आधी विचारायचा, “काका, यातलं काय गेलं तर चालेल?” उत्तर ठरलेलं, “काहीच नाही.” तरी तास-दोन तासांत लिनक्स आणि विंडोज एकाच डिस्कवर नांदायला लागायचे. मग दोन तक्रारी हमखास. आतला मोडेम फक्त विंडोजपुरता घडवलेला, म्हणून इंटरनेट नाही. आणि गाणी वाजत नाहीत, कारण पेटंटच्या भानगडीमुळे रेड हॅटने आवृत्ती ८पासून एमपीथ्रीची सोयच काढून टाकली होती. पेटंटवरचं सगळ्यात परिणामकारक विवेचन मी अशाच एका मुक्या संगणकासमोर ऐकलं आहे. व्यासपीठावरची भाषणं बहुतेक इंग्रजीत व्हायची. पार्टिशन मात्र मराठीत व्हायचं.

२००३ सालीच मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत ‘ग्नूनिफाय’ हे मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन सुरू झालं. राबायचे विद्यार्थी, बोलायला प्लगची मंडळी. पुढच्या वर्षी जगभर ‘सॉफ्टवेअर फ्रीडम डे’ पाळायला सुरुवात झाली आणि लवकरच त्यासाठी सप्टेंबरचा तिसरा शनिवार मुक्रर झाला. तारीख ठरवणाऱ्यांना गणपती ठाऊक नसावेत. २००७मध्ये तर हा दिवस नेमका गणेश चतुर्थीला आला. कॉलेजला सुट्टी, स्वयंसेवक मोदकांवर. मुक्त सॉफ्टवेअरसाठी त्या दिवशी घर सोडणारा पुणेकर शोधूनच काढावा लागला असता.

उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या सीड्या तर कॅनॉनिकल कंपनी मागेल त्याला फुकट घरपोच धाडायची. पुढे ब्रॉडबँड आलं, २०११मध्ये कंपनीने सीड्या पाठवणं थांबवलं, तोवर इन्स्टॉलफेस्टची गरजही आटली होती. मग जमायचं कशासाठी?

याचं बरंचसं उत्तर रेड हॅटच्या पुण्यातल्या कचेरीतून आलं. तिथे भारतीय भाषांवर काम करणारे अभियंते होते, आणि ते सुट्टीच्या दिवशीही भेटायचे. नोव्हेंबर २०११मध्ये सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात रेड हॅटच्याच पाठबळावरच्या फेडोरा लिनक्सची ‘फडकॉन’ परिषद भरली, तेव्हा प्रश्न ‘हे कसं बसवू’ हा राहिला नव्हता, ‘यात मी काय करू’ हा होता. कोपऱ्यातल्या टेबलांवर बग नोंदवले जात होते. मराठीपुरतं बोलायचं तर ‘वाऱ्या’मधल्या ऱ्याचं उदाहरण घ्या. त्या जोडाक्षराची सोय फाँटमध्ये आणि अक्षरं जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दोन्हीकडे लागते. एकीकडे चुकलं की पडद्यावर पाय मोडका ऱ उभा. असा दोष हिंदी वाचणाऱ्याच्या नजरेत भरत नाही; तिथे मराठी वाचणाराच लागतो. टीशर्ट, स्टिकर आणि प्रमाणपत्रांसाठी आलेली गर्दी मला कधीच फारशी महत्त्वाची वाटली नाही. असा एखादा बग नोंदवून गेलेला विद्यार्थी मात्र उपयोगी पडला.

जून २०१५मध्ये फडकॉन पुन्हा पुण्यात झाली. कोरोनाने सगळ्यांनाच पडद्यावर बसवलं, आणि अलीकडे फॉस युनायटेड या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या नावाने पुण्या-मुंबईत प्रत्यक्ष भेटी भरतात. तिथे आता मुलं स्वतः लिहिलेलं काम दाखवतात, हे आमच्या वेळी क्वचित दिसायचं. सांगलीच्या वालचंद कॉलेजातला लिनक्स ग्रुप मला अधिक टिकाऊ वाटतो. विद्यार्थ्यांचाच असल्याने तो दरवर्षी खालच्या वर्गाकडे सोपवावाच लागतो. आमच्या पिढीत सोपवायला खाली कुणी नव्हतं. सगळे एकाच वयाचे, एकदमच संसाराला आणि बढत्यांना लागलो.

नव्या मीटअपमध्ये मला एक टेबल हवंय, जुन्या फोनांचं. कितीतरी मुलांचा पहिला संगणक आज फोनच असतो. कंपनीने अपडेट बंद केले की तो चांगला चालत असूनही मागे पडतो. लिनिएजओएससारखी मुक्त प्रणाली त्यावर बसवता येते, पण बऱ्याच फोनांचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करून देणारा प्रोग्रॅम, कुलूपबंद असतो आणि उघडताना आतलं सगळं पुसलं जातं. म्हणजे काकांना पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागणार.