मराठी संकेतस्थळांची शैलीपत्रके व त्यांतील दोषांचे परीक्षण

संकेतस्थळावरील मजकूर आणि त्याचे दृश्य रूप या दोन भिन्न गोष्टी आहेत. मजकूर, म्हणजे शीर्षके, परिच्छेद, कोष्टके इत्यादी, एचटीएमएल या भाषेत लिहिला जातो. तो कोणत्या टंकात, केवढ्या आकारात व कोणत्या रंगात दिसावा याचे नियम मात्र निराळ्या धारिकेत ग्रथित करण्याची पद्धत आहे. या धारिकेस स्टाइलशीट अथवा शैलीपत्रक म्हणतात. ही कल्पना नॉर्वेचे होकोन व्हियुम ली यांनी १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्न या संस्थेत असताना मांडली. पुढे बर्ट बॉस यांच्या सहकार्याने तिला निश्चित रूप आले आणि डिसेंबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने सीएसएसची पहिली प्रमाण संहिता प्रसिद्ध केली. त्याच संस्थेत फिलिप ल एगारे यांनी १९९७ च्या सुमारास शैलीपत्रके तपासणारे एक साधन सिद्ध केले. सीएसएस व्हॅलिडेटर या नावाने ओळखले जाणारे हे साधन आजही कोणासही विनामूल्य वापरता येते.

अशा साधनाची गरज का भासावी, हे समजण्यासाठी ब्राउझरचा एक स्वभावधर्म ध्यानात घ्यावा लागतो. सामान्य संगणकीय आज्ञावलीत चूक असेल तर ती थांबते व तक्रार करते. शैलीपत्रकाचे तसे नाही. जे कळले नाही ते निमूटपणे सोडून द्यावे आणि पुढे जावे, अशी संहितेचीच आज्ञा आहे. ही योजना विचारपूर्वक केलेली आहे. तिच्यामुळेच नवे नियम लिहिलेली पृष्ठे जुन्या ब्राउझरमध्येही वाचता येतात. परंतु या सहनशीलतेची दुसरी बाजू अशी, की चूक करणाऱ्यास चूक झाल्याचे कळत नाही.

समजा, नाशिक येथील एखाद्या शिक्षणसंस्थेने प्रवेश-अर्जाची अंतिम मुदत लाल रंगात व मोठ्या अक्षरांत दाखविण्याचे ठरविले. नियम लिहिताना रंगाच्या विधानानंतरचे अर्धविराम चिन्ह तेवढे राहून गेले. ब्राउझर दोन्ही विधाने मिळून एकच विधान मानतो. त्याचा अर्थ लागत नाही. आणि पुढील अर्धविरामापर्यंतचा सारा भाग तो टाकून देतो. रंग गेला तो गेलाच, पण ज्यात काहीच चूक नव्हती तो अक्षरांचा आकारही त्याबरोबर गेला. पृष्ठ मात्र वरकरणी सुस्थितीत दिसते. मुदतीची ओळ इतर ओळींसारखीच करड्या शाईत, मधल्या परिच्छेदात कोठेतरी पडलेली असते. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील एखादा विद्यार्थी मोबाइलच्या लहानशा पडद्यावर हे पृष्ठ चाळतो, तेव्हा त्या एका चिन्हाची किंमत किती होऊ शकते हे निराळे सांगावयास नको. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे दूरशिक्षणाचे केंद्र ठरलेल्या या शहरात असे विद्यार्थी थोडेथोडके नाहीत. जो रोज महाविद्यालयाच्या इमारतीत येत नाही, त्याच्या दृष्टीने संकेतस्थळ हाच सूचनाफलक होय.

व्हॅलिडेटर नेमके येथे उपयोगी पडतो. त्यास पृष्ठाचा पत्ता द्यावा, आपल्या संगणकावरील धारिका पाठवावी अथवा नियमांचा मजकूर सरळ चौकटीत चिकटवावा, असे तीन मार्ग आहेत. पृष्ठ अद्याप प्रसिद्ध झालेले नसेल किंवा परवलीच्या शब्दाआड असेल तर पहिला मार्ग बंद होतो. उरलेले दोन उघडे राहतात. साधन प्रत्येक नियम संहितेच्या व्याकरणाशी ताडून पाहते आणि दोष कोणत्या ओळीत आहे ते सांगते. गुणधर्माच्या नावातील अक्षरदोष, एककावाचून लिहिलेला आकार, न मिटविलेला महिरपी कंस हे सर्व त्यास तत्काळ सापडते. स्वल्पविरामांनी जोडलेल्या अनेक निवडकांपैकी एकाचे व्याकरण चुकले तरी सगळ्यांचा नियम रद्द ठरतो. हा दोष माणसाच्या डोळ्यास क्वचितच दिसतो, साधनास दिसतो.

अहवाल वाचण्याची मात्र एक रीत आहे. एक कंस राहिला तर पुढील दहा-वीस ओळी सदोष ठरून आल्या असे घडते. नवशिक्या तपासनीस ती लांबलचक यादी पाहून हबकतो आणि शेवटापासून दुरुस्ती करू लागतो. वास्तविक पहिला दोष दूर करून पुन्हा तपासणी करावी. पुष्कळदा उरलेली यादी आपोआप नाहीशी होते. तसेच दोष आणि सूचना यांत भेद करावा. टंकांच्या नावांच्या अखेरीस एखादे सर्वसामान्य टंककुल द्यावे, अशी साधनाची एक सूचना असते. ती ऐच्छिक असली तरी देवनागरीच्या बाबतीत अवश्य पाळावी. विशिष्ट ब्राउझरांपुरते असलेले गुणधर्म व सीएसएसमधील चल नामे यांविषयीच्या सूचना बहुधा घाबरण्याजोग्या नसतात. सर्वथा निर्दोष असा शेरा मिळविण्याच्या हौसेपायी उपयुक्त नियम काढून टाकणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

आता मराठीपुरत्या प्रश्नाकडे वळावयाचे, आणि तो अधिक रंजक आहे. मराठी कळफलक चालू ठेवून नियम लिहिणाऱ्याने आकार सोळाऐवजी देवनागरी अंकांत १६ असा लिहिला, तर संहितेच्या लेखी तो अंकच नव्हे. तो एक शब्द होय, आणि म्हणून विधान बाद. हा दोष व्हॅलिडेटर पकडतो. परंतु व्याकरणशुद्ध वाक्य जसे निरर्थक असू शकते, तसे निर्दोष शैलीपत्रक मराठी मजकुराची दुर्दशा करू शकते. अक्षरांमधील अंतर वाढविण्याचा गुणधर्म रोमन मोठ्या अक्षरांच्या शीर्षकांना शोभून दिसतो. विकत घेतलेल्या तयार साच्यांत तो सर्रास असतो. तोच देवनागरीस लागू झाला की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे सुटे लोंबकळू लागतात. ओळींची उंची कमी ठरविली, तर ‘मूर्तींच्या’ यासारख्या शब्दातील रफार, वेलांटी व अनुस्वार यांचा समूह वरच्या ओळीतील उकारांना जाऊन भिडतो. व्हॅलिडेटरला यात गैर काहीच आढळत नाही. अंतर आणि उंची यांचे मूल्य वैध आहे, एवढेच तो जाणतो.

ल आणि श यांच्या वळणांचेही असेच आहे. हिंदीत व मराठीत ही अक्षरे निराळ्या वळणाने लिहिली जातात, आणि काही देवनागरी टंकांत दोन्ही रूपे असतात. त्यांपैकी मराठी रूप दिसावे यासाठी पृष्ठाची भाषा मराठी आहे असे एचटीएमएलमध्ये नमूद करावे लागते. ते केले नसेल तर शैलीपत्रक कितीही शुद्ध असले तरी हिंदी वळण उमटण्याचा संभव राहतो. म्हणूनच शैलीपत्रकाबरोबर मूळ एचटीएमएलचीही तपासणी करावी, असे व्हॅलिडेटर स्वतःच सुचवितो. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आणखी एक कसोटी होती: शैलीपत्रक बंद केले अथवा उतरलेच नाही, तरी पृष्ठ वाचता आले पाहिजे. युनिकोडपूर्व काळातील मराठी संकेतस्थळे या कसोटीस उतरणे अशक्यच होते, कारण त्या वेळी ठरावीक टंक नसेल तर मराठीच्या जागी रोमन चिन्हांची खिचडी दिसे.

राहता राहिला एक सूक्ष्म दोष. नियमांतील वर्गांना देवनागरी नावे देण्यास संहितेची मुभा आहे. एखाद्याने जाहिरातींच्या सदरास ‘नोकऱ्या’ असे नाव दिले. यातील अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारांनी लिहिता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, साध्या र ला नुक्ता जोडून, अथवा र आणि हलन्त यांपुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात. सीएसएस मात्र नावे ताडताना केवळ संकेतांक पाहते, त्यांचे एकरूपीकरण करीत नाही. एचटीएमएल एकाने एका कळफलकावर लिहिले आणि शैलीपत्रक दुसऱ्याने दुसऱ्यावर, तर दोन्ही धारिका स्वतंत्रपणे निर्दोष ठरतात आणि नियम तरीही लागू होत नाही. अशा वेळी दोन्ही ठिकाणचे नाव एकाच धारिकेतून उचलून दुसरीत चिकटवावे, किंवा वर्गांची नावे प्रथमपासून रोमन लिपीतच ठेवावीत.