पत्र्याचा देह, माणसाचे मन

यंत्रमानव म्हटला की लाल डोळ्यांचा, माणसावरच उलटणारा राक्षस अनेकांच्या नजरेसमोर उभा राहतो. त्याला कारणही तसेच आहे. ‘रोबो’ हा शब्दच मुळी अशा कथेतून आला. चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकात कारखान्यात बनवलेले मजूर बंड करतात आणि मानवजातीचा नाश करतात. शब्द सुचवला होता कारेलचे चित्रकार बंधू योसेफ यांनी. त्याचे मूळ वेठबिगारीत आहे.

पण एखाद्या खऱ्या रोबोवेड्याला विचारून पाहा, तो जपानचे नाव घेईल. तिथे यंत्राचे बाहुले पूर्वी घरात पाहुण्यांची सरबराई करीत असे. हाती चहाचा पेला ठेवला की ते चालू लागे, पाहुण्याने पेला उचलला की थांबे आणि रिकामा पेला परत ठेवला की मागे फिरे! सारी रचना लाकडी दातेरी चाकांची. होसोकावा हानझो यांनी १७९६ सालच्या आपल्या पुस्तकात तिची आकृती छापून ठेवली आहे.

पुढे महायुद्धात जपान बेचिराख झाला. पत्राही दुर्मीळ. तेव्हा तेथील कारागिरांनी अमेरिकन सैनिकांनी फेकलेले खाद्यपदार्थांचे डबे गोळा करून खेळण्यांतल्या जीपगाड्या बनवल्या. मग किल्लीवर चालणारे पत्र्याचे रोबोही आले आणि परदेशी गेले. आज संग्राहक ते जिवापाड जपतात.

या रोबोंना मन दिले ते चित्रकथाकार ओसामु तेझुका यांनी. ओसाकावरील बॉम्बहल्ले त्यांनी कोवळ्या वयात पाहिले होते. पुढे ते वैद्यकीय शिक्षण घेऊनही चित्रकथेतच रमले. १९५२ मध्ये त्यांची ‘तेत्सुवान आटोमु’ ही चित्रमालिका सुरू झाली. तिची कथा ऐकून कोणाही आईबापाचे काळीज हलेल. अपघातात मुलगा गमावलेला एक शास्त्रज्ञ त्याच्यासारखाच रोबो घडवतो. पण हा मुलगा वाढत नाही म्हणून चिडून त्याला सर्कशीला विकून टाकतो! दुसरे एक प्रेमळ प्राध्यापक त्याला सोडवतात, सांभाळतात. एवढे सोसूनही आटोमु माणसांच्या मदतीला धावतोच. इथे राक्षस कोण, ते वाचकांनीच ठरवावे.

कथेत आटोमुचा जन्मदिवस होता ७ एप्रिल २००३. ते वर्ष खरोखर उजाडले तेव्हा जपानमधील नीझा शहराने त्याला आपला खास नागरिक करून घेतले!

कोरियात जन्मलेले कलावंत नाम जून पाइक यांनी तर १९८६ मध्ये जुन्या रेडिओ-टीव्हीच्या खोक्यांतून रोबोंचे आजी-आजोबाच उभे केले. आपल्या मुलांचा लाडका डोरेमॉन हाही याच कुळातला, नोबिताला सांभाळणारा रोबोच.

आता रोबो कारखान्यांत आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत पोहोचले आहेत. ते कसे वागतील, ही काळजी रास्तच. पण आटोमुची कथा आधी घडवणाऱ्याच्या वागण्याकडे बोट दाखवते.

तेव्हा सुट्टीत मुलांनी रिकाम्या खोक्यांचा, बाटल्यांच्या झाकणांचा रोबो केला, तर पसारा म्हणून रागावू नका. त्याचे नाव काय आणि तो कुणाची काळजी घेतो, एवढे मात्र जरूर विचारा.