सायकलच तर होती!



कुणाची सायकल चोरीला गेली की आजूबाजूची माणसं धीर द्यायला येतात आणि सहसा एकच वाक्य बोलतात, "जाऊ द्या ना ताई, सायकलच तर होती." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण सोन्याची पोत गेली तर कुणी असं म्हणत नाही. सायकलची चोरी ही भुरटी चोरी, म्हणून ती विसरायची, असं आपण धरून चालतो. ती विसरण्यासारखी का नाही आणि अशा वेळी करायचं काय, हे आज आम्ही सांगणार आहोत.

आपल्या सक्करदरा चौकात सकाळी थोडा वेळ थांबून पाहा. पेपरवाला पोरगा, दूधवाले भाऊ, शिकवणीला निघालेल्या मुली, हँडलला डबा अडकवून कामावर निघालेली माणसं, आणि हनुमान नगर, रेशीमबाग, अयोध्या नगरकडे धुणीभांडी-स्वयंपाकाला निघालेल्या आपल्या कितीतरी ताई. बुधवार बाजाराच्या दिवशी दोन्ही बाजूंना भाजीच्या पिशव्या लावून सायकल हातानं ढकलत नेणाऱ्या मावश्याही दिसतात. यातल्या बऱ्याच जणींकडे दुसरं वाहन नाही. सायकल गेली म्हणजे त्यांचे पायच गेले.

थोडा हिशेब करू. समजा एका ताईची जुनी सायकल आहे, आज विकली तर दीड हजार येतील. ती चोरीला गेली. तिची तीन घरची कामं आहेत. चालत गेली तर तिसऱ्या घरी पोचायला उशीर होतो, ते काम सुटण्याची भीती. ऑटोनं गेली तर समजा रोजचे ४० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,०४० रुपये झाले. म्हणजे दीड महिन्यात सायकलच्या किमतीइतके पैसे नुसत्या भाड्यात गेले, आणि सायकल नाही ती नाहीच. चोराला ती विकून चारशे-पाचशे मिळाले असतील. त्याला मिळालं मूठभर आणि हिचं गेलं सूपभर. भुरट्या चोरीतला खरा हलकटपणा हाच आहे. ती श्रीमंताच्या तिजोरीला हात लावत नाही. ज्याच्याकडे कुलपाला चांगली साखळी घ्यायलाही पैसे नसतात, त्याच्या दारातून ती वस्तू उचलते.

'बायसिकल थीव्ज' हा इटलीचा १९४८ सालचा सिनेमा काहींनी पाहिला असेल. दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या रोममध्ये एका बेकार माणसाला भिंतीवर पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, पण अट असते की सायकल पाहिजे. ती आधीच गहाण पडलेली. मग त्याची बायको घरातल्या चादरी गहाण टाकते आणि सायकल सोडवून आणवते. कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. सगळं रोम पालथं घालूनही सायकल सापडत नाही, तेव्हा शेवटी तो बापडा स्वतःच दुसऱ्याची सायकल चोरायला जातो आणि मुलादेखत पकडला जातो. लोक सिनेमाची गोष्ट सांगताना बाप-लेकाची सांगतात. आम्हाला त्या चादरी आठवतात. सायकल नवऱ्याची असो की मुलीची, ती घरात येते तेव्हा कुठल्या तरी बाईनं काहीतरी बाजूला ठेवलेलं असतं.

आता कायद्याकडे वळू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण त्याच कलमात एक नवी तरतूद आली आहे. चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. म्हणजे न्यायालय सांगेल ते लोकोपयोगी काम बिनपगारी करायचं. एखादं पोरगं पहिल्यांदा चुकलं तर त्याला तुरुंगात न टाकता सुधारायची संधी द्यावी, हा यातला विचार आम्हालाही पटतो.

मात्र याची दुसरी बाजू तक्रार देणारीला माहीत पाहिजे. पाच हजारांच्या आतली अशी साधी चोरी आता अदखलपात्र आहे. पोलीस तिची नोंद करतात, जिला आपण एनसी म्हणतो, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. कायद्याच्या तराजूत वस्तूची किंमत मोजली जाते, तिच्यावर चालणारं घर मोजलं जात नाही. म्हणून आपली बाजू आपण नीट मांडायची.

पहिली गोष्ट, किंमत. सायकल ५,००० रुपयांची किंवा त्याहून महाग असेल तर गुन्हा दखलपात्र आहे आणि एफआयआर होते. किंमत फुगवून सांगू नका, पण कमीही सांगू नका. बिल सोबत न्या. दुसरी गोष्ट, जागा. सायकल राहत्या घराच्या आतून गेली असेल तर कलम ३०५ लागू होतं. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तिथे पाच हजारांची अट नाही. म्हणून सायकल नेमकी कुठे ठेवली होती, घरात की रस्त्यावर, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. तिसरी गोष्ट, शब्द. चोरी झाली असेल तर "हरवली" असं लिहू नका. हरवल्याची नोंद वेगळी आणि चोरीची तक्रार वेगळी.

एफआयआर झाली तर तिची प्रत मोफत मिळते, तो आपला हक्क आहे. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. घेतलीच नाही, तर वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार पोस्टानं पाठवता येते, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत कळवायचं असतं. एनसी झाली तरी तिचा नंबर घेऊनच या. अशा नोंदींचा अहवाल दर पंधरा दिवसांनी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. एकाच गल्लीतल्या तीन-चार जणींच्या सायकली गेल्या असतील तर मिळून जा आणि प्रत्येकीची वेगळी नोंद करा. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो म्हणतात ना, तसं आहे. नोंदच नसेल तर चोर सोकावतो.

पूर्वी अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि धातूचा बिल्ला देत. त्या बिल्ल्यावर नंबर असे. आता सायकलला ना पासिंग, ना नंबर प्लेट. ती आपली आहे याचा पुरावा दोनच गोष्टींत, बिल आणि फ्रेम नंबर. हा नंबर फ्रेमवर ठोकलेला असतो, बहुतेक वेळा पायडलच्या मधल्या भागाखाली नाहीतर सीटच्या नळीवर. सायकल पुढे पोलिसांना सापडली, तर याच नंबरावरून ती न्यायालयाच्या परवानगीनं सुपूर्तनाम्यावर परत मिळू शकते.

कुलपाचंही ऐका. मागच्या चाकाचं कुलूप फक्त चाक फिरू देत नाही, चोर अख्खी सायकल उचलून गाडीत टाकू शकतो. साखळी फ्रेममधून घेऊन खांबाला किंवा खिडकीच्या गजाला बांधा. नुसतं चाक बांधलं तर चाक तिथेच राहतं आणि बाकीची सायकल जाते.

आता थोडं कडू बोलतो. चोर सायकल चोरतो ती चालवायला नाही, विकायला. आणि ती घेतं कोण? आपल्यातलंच कुणीतरी. तीन-चार हजारांची सायकल कुणी पाचशेला देतो तेव्हा ती कुठून आली हे आपल्याला आतून कळत असतं. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असूनही घेतला, तर कलम ३१७ प्रमाणे घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चोर पहिल्या वेळी समाजसेवेवर सुटेल आणि घेणारी अडकेल, असंही होऊ शकतं. जुनी सायकल घेताना बिल मागा. बिल नसेल तर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन आणि फ्रेम नंबर लिहून त्याची सही घ्या. सही द्यायला जो कचरतो, त्याची सायकल नको.

आणखी एक. चोरी झाली की पहिला संशय जातो तो भंगार वेचणाऱ्या पोरांवर, नाहीतर घरी कामाला येणाऱ्या बाईवर. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. एखादं पोरगं खरंच सापडलं तरी बांधून मारायचं नाही, ११२ ला फोन करायचा. मारणं हाही गुन्हाच आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही.

शेजारणीची सायकल गेली असेल तर तिच्यासोबत ठाण्यापर्यंत जा. शक्य असेल तर चार दिवस आपली सायकल तिला द्या, म्हणजे तिचं तिसरं काम सुटणार नाही. आणि आज रात्री जेवणं आटोपली की आपली सायकल आडवी करा, फडक्यानं चिखल पुसा, फ्रेम नंबर शोधा आणि रेशन कार्डासोबत ठेवायच्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. मोबाईल असेल तर सायकलचा आणि नंबराचा फोटोही काढा. पाच मिनिटांचं काम आहे.