राउटर टेलिफोनच्या सॉकेटला बांधलेला नाही

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आज इथे शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, पीकविमा सगळं ऑनलाइन आहे. अशा वेळी घरात इंटरनेट असूनही मागच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलांना रेंज मिळत नसेल, तर ते नुकसान खरंखुरं आहे. अनेकदा दोष कनेक्शनचा नसतो, राउटरच्या जागेचा असतो. घरात टेलिफोन आला तेव्हा लाइनमनने खांबावरून वायर आणली, चौकटीशेजारी भोक पाडलं आणि तिथेच फोनचं सॉकेट म्हणजे रोझेट बसवली. फोनची घंटा ऐकू येण्यासाठी ती जागा पुरेशी होती. पुढे मोडेम आला, राउटर आला, तोही तिथेच चिकटला. ही सवय मोडायची, तर आधी काही समज तपासायला हवेत.

गैरसमज १ : राउटर सॉकेटजवळच ठेवावा लागतो.

वस्तुस्थिती : बाहेरच्या लाइनला बांधलेला असतो तो मोडेम, आणि फायबर असेल तर ओएनटी, म्हणजे फायबरसाठीचा मोडेमसारखा डबा. राउटरचं काम त्याच्या पुढचं. मोडेम किंवा ओएनटी आहे तिथेच राहू द्या, तिथून लॅन केबल ओढा आणि राउटर घराच्या मधोमध न्या. कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे ओट्यापासून परसापर्यंत लांबलचक घरालाही ती पुरून उरते. मोडेम आणि राउटर एकाच डब्यात असतील, तर डबा न हलवता घराच्या मधोमध केबलने दुसरा राउटर जोडा आणि त्याच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोड निवडा. तो पर्याय नसेल, तर त्याचा आयपी पत्ता वेगळा ठेवा, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये घाला.

गैरसमज २ : फोनची वायर दहा मीटर वाढवली की वेग मार खातोच.

वस्तुस्थिती : तांब्याच्या लाइनवरच्या जुन्या ब्रॉडबँडमध्ये वेग ठरतो तो एक्स्चेंजपासूनच्या अंतरावर, आणि ते किलोमीटरमध्ये मोजतात. दहा मीटरने काही बिघडत नाही. बिघडतं ते काम कसं केलं त्यामुळे. बोलणं चालतं ४ किलोहर्ट्झच्या आत, पण एडीएसएल२+ त्याच तारेवरून २.२ मेगाहर्ट्झपर्यंतचे सिग्नल नेतं. चपटी वायर, नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा, विजेच्या वायरिंगला खेटून नेलेली तार, यातून बोलणं स्पष्ट येईल, पण इंटरनेट तुटत राहील. स्प्लिटरला तीन तोंडं असतात : लाइन, फोन आणि मोडेम. घरात आणखी एखादा फोन जोडायचा तर तो ‘फोन’ या तोंडातूनच न्या. स्प्लिटरच्या आधी फांदी काढली, की तो फोन मोडेमच्या कामात अडथळा आणतो.

गैरसमज ३ : फायबरही वायरच, कापून जोडता येते.

वस्तुस्थिती : ती काच आहे. १२५ मायक्रॉन जाडीच्या धाग्यात सुमारे ९ मायक्रॉनचा गाभा, आणि प्रकाश जातो तो त्यातूनच. टेपने इथे काहीच जुळत नाही. दोन टोकं सहसा स्प्लायसिंग मशिनने वितळवून जोडतात. केबल कोपऱ्यात काटकोनात दाबली किंवा खिळ्याने आवळली, तरी प्रकाश गळतो आणि ओएनटीवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागतो. हिरव्या प्लगचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, म्हणून त्याला निळा प्लग जोडू नका. उघड्या टोकात डोकावून पाहू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण तो लेझरचा असतो. ओएनटी हलवायचाच असेल, तर कनेक्शन देणाऱ्यालाच बोलवा.

गैरसमज ४ : राउटर कुठेही ठेवा, अँटेना जास्त असल्या की झालं.

वस्तुस्थिती : सिग्नल अडतो तो वाटेतल्या वस्तूंनी. धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत तो शोषून घेते. पत्र्याची आडभिंत, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा त्याला परतवतात, पाण्याची टाकी गिळते. राउटर उघड्यावर, छातीच्या उंचीला किंवा थोडा वर ठेवा. पत्र्याच्या छताला मात्र टेकवू नका. मे महिन्यात तिथल्या उष्णतेने उपकरणच बंद पडू लागतं. दूरच्या खोलीसाठी २.४ गिगाहर्ट्झ जास्त पोहोचतो, जवळ बसून वेग हवा तर ५ गिगाहर्ट्झ बरा.

गैरसमज ५ : रेंज नाही तिथे रिपीटर लावला की काम झालं.

वस्तुस्थिती : रिपीटर नवीन इंटरनेट तयार करत नाही, मिळेल तेच पुढे देतो. रेंज नसलेल्या खोलीत त्याला द्यायला काहीच नसतं. तो वाटेत, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे हवा. एकाच बँडवर घेणं आणि देणं दोन्ही करणाऱ्या रिपीटरवर वेग जवळपास निम्मा होतो. केबल ओढणं शक्य असेल तिथे केबलच उत्तम.

गैरसमज ६ : राउटर सॉकेटपासून दूर नेला की वेग वाढणारच.

वस्तुस्थिती : लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग तपासा. तिथेही तो कमी असेल, तर दोष लाइनचा किंवा प्लॅनचा, तक्रार नोंदवा. केबलवर वेग चांगला आणि खोलीत कमी असेल, तरच जागा बदलण्याचा उपयोग. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरी पाड्यांवर सिमकार्डाचा राउटर वापरत असाल, तर नियम उलटा : टॉवरचा सिग्नल सगळ्यात चांगला मिळतो त्या खिडकीशी तो ठेवा, घराच्या मध्यावर नाही.

शेवटी विजेचं. ओएनटी आणि राउटर वेगळे झाले, की अडॅप्टर दोन होतात. फायबरच्या वाटेत मधल्या खांबांवरच्या, प्रकाश वाटून देणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही. त्यामुळे पलीकडच्या टोकाला वीजपुरवठा सुरू असेल, तर भारनियमनातही इंटरनेट चालू ठेवता येतं. त्यासाठी अडॅप्टरवरचे व्होल्ट पाहून घेतलेला छोटा यूपीएस दोन्ही उपकरणांना हवा. फक्त राउटरला बॅकअप दिला, तर मोबाइलवर वायफायची खूण दिसेल, पण अर्ज काही पुढे जाणार नाही.