मराठी पिक्चरला शो मिळतो, पण कधीचा?

या आठवड्यात व्हॉइस नोटमध्ये तुमचा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न: "मराठी पिक्चरला थिएटर का मिळत नाही?" ही बातमी दर थोड्या महिन्यांनी येतेच. निर्माता व्हिडिओ टाकतो, एखादा पक्ष मल्टिप्लेक्सला इशारा देतो, चॅनलवर दोन दिवस आरडाओरडा होतो आणि विषय संपतो. म्हणून आज आतलं गणित बघूया.

आधी नियम. एप्रिल 2015 मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी जाहीर केलं की मल्टिप्लेक्सनी प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायचाच. प्राइम टाइम म्हणजे संध्याकाळी 6 ते 9. मल्टिप्लेक्सवाले नाराज झाले, बैठका झाल्या आणि दोन दिवसांत वेळ झाली दुपारी 12 ते रात्री 9. आता बघा, मंगळवारी दुपारी सव्वाबाराचा शोसुद्धा यात बसतो! त्या वेळी तुम्ही कुठे असता? कॉलेजात नाहीतर ऑफिसात.

तेव्हा गदारोळ झाला तो शोभा डे यांच्या ट्विटवर. त्यांच्या घराबाहेर शिवसैनिक वडापाव घेऊन गेले, हक्कभंगाची नोटीस निघाली. अस्मितेवर भरपूर बोललो आपण, पण 12 चा शो की 7 चा, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

आता धंदा. शुक्रवारी पिक्चर लागतो. शनिवार-रविवारी किती खुर्च्या भरल्या ते बघून सोमवारपासून शो वाढतात किंवा कापले जातात. समजा, 250 खुर्च्यांच्या हॉलमध्ये 20 माणसं आली. मालक म्हणणार, भाडं आणि एसीचं बिल कशातून काढू? त्याचंही चूक नाही. पण तो शो सकाळी साडेनऊचा असेल तर माणसं येणार कुठून? आधी अडचणीची वेळ द्यायची आणि मग प्रेक्षक नाही म्हणून शो काढायचा, असं हे चक्र आहे.

त्यात वाट्याचा मुद्दा. 2009 मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचं मोठं भांडण झालं, दोन महिने नवे मोठे हिंदी पिक्चर लागलेच नाहीत. तडजोडीत ठरलं की कमाईतला निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि पुढे 30. म्हणजे खरा पैसा पहिल्याच आठवड्यात. ज्याच्याकडे जाहिरातीला बजेट नाही आणि जो तोंडी प्रचारावर हळूहळू चालतो, त्याला अशा हिशेबात दोन्हीकडून मार.

पण 'सैराट' (2016) आणि 'बाईपण भारी देवा' (2023) तर धो धो चालले ना? चालले. 'बाईपण'ला बायका ग्रुप करून, नटूनथटून गेल्या. म्हणजे प्रेक्षक आहे. मात्र या दोन्ही पिक्चरना लोकांपर्यंत पोचायला वेळ मिळाला. सोमवारीच उतरलेल्या पिक्चरचं काय झालं असतं, ते कधी कळतच नाही.

माझं मत विचाराल तर "मराठी आहे म्हणून बघा" हे मला पटत नाही. पिक्चर भिकार असेल तर पडू दे. पण परीक्षेला बसायची संधी तरी द्या. नियमात दोनच गोष्टी हव्यात: रोज किमान एक शो संध्याकाळी 6 नंतर, आणि तो पूर्ण दोन आठवडे. मग चालला तर चालला.

आणि आपल्या हातात काय? बघायचाच असेल तर पहिल्या तीन दिवसांत बघा. "ओटीटीवर येईल तेव्हा बघू" असं आपण म्हणतो, तेव्हा सोमवारचा शो कापायला आपणही मदत करत असतो.

तुमच्या गावात सध्या कुठला मराठी पिक्चर किती वाजता लागलाय? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये वेळा वाचून दाखवतो. भेटूया!