३५ मिलिमीटर आणि ४८ तास

दिवस राहण्याआधी गर्भाशयाची पिशवी साधारण ७० ग्रॅमची असते आणि तिच्या पोकळीत जेमतेम १० मिलिलिटर मावतं. दिवस भरेपर्यंत तीच पिशवी ११०० ग्रॅमची होते आणि आत बाळ, वार, पाणी मिळून सरासरी पाच लिटरचा ऐवज असतो. वजन पंधरापट, जागा पाचशेपट. आणि एवढा सगळा भार खालच्या बाजूने अडवून धरतं ते पिशवीचं तोंड. चोविसाव्या आठवड्यात त्याची लांबी सरासरी ३५ मिलिमीटर भरते. साडेतीन सेंटिमीटर, बस्स.

हे तोंड ताकदीने आवळून धरत असेल असं आपल्याला वाटतं. तसं नाही. पिशवीची भिंत स्नायूंची, पण तोंडात स्नायू असतात ते १०-१५ टक्केच. बाकीचं काम कोलॅजनच्या चिवट धाग्यांचं. भिंतीने ताणत जायचं आणि तोंडाने जागचं हलायचं नाही, अशी ही वाटणी महिनोन् महिने चालते. शेवटच्या आठवड्यांत धागे सैल पडू लागतात, तोंड मऊ होतं, आखूड होतं, आणि कळांसोबत १० सेंटिमीटरपर्यंत उघडतं. हेच विसाव्या-बाविसाव्या आठवड्यात घडलं तर? वाईट गोष्ट ही की तेव्हा ते बऱ्याचदा न दुखता घडतं.

१९९६ साली अमेरिकेतल्या दहा केंद्रांनी चोविसाव्या आठवड्यातल्या २,९१५ स्त्रियांच्या पिशवीचं तोंड आतल्या सोनोग्राफीने मोजलं. ज्यांची लांबी ४० मिलिमीटरच्या वर होती त्यांच्याशी तुलना केली, तर २६ मिलिमीटर किंवा त्याहून कमी लांबी असलेल्यांना ३५ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचा धोका सहापट निघाला. २२ च्या खाली साडेनऊपट, १३ च्या खाली चौदापट. बोटाच्या एका पेराएवढ्या फरकात धोका असा उड्या मारत जातो. पण याच अभ्यासातला दुसरा आकडा पोटुशीच्या घरच्यांनी आधी वाचावा असं मला वाटतं: २५ मिलिमीटर किंवा कमी लांबी निघालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणी ३५ आठवड्यांच्या पुढे गेल्या. आखूड तोंड म्हणजे निकाल नव्हे, लक्ष ठेवण्याची सूचना आहे. ही लांबी पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत नीट कळत नाही, ती आतूनच मोजावी लागते. त्यामुळे ‘सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल आहे’ एवढ्यावर थांबू नये. आधीची बाळंतपणं लवकर झाली असतील तर ‘तोंडाची लांबी मोजली का?’ असं डॉक्टरांना सरळ विचारावं.

आखूड निघालं तर करायचं काय? एक उपाय प्रोजेस्टेरॉनचा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दहा देशांतल्या ३२,०९१ गर्भवतींची लांबी मोजली. १० ते २० मिलिमीटर लांबी सापडली ती फक्त २.३ टक्के जणींत. त्यांतल्या काहींना योनिमार्गात लावायचं प्रोजेस्टेरॉन जेल दिलं, काहींना नुसतं औषधाविना जेल. ३३ आठवड्यांच्या आत बाळंत होणाऱ्यांचं प्रमाण औषध नसलेल्या गटात १६.१ टक्के, औषधाच्या गटात ८.९.

दुसरा उपाय टाक्याचा, आणि इथे जगभरच्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत एक गोव्याचं आडनाव येतं. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म १८९९, गोव्यातल्या शिरोड्याचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक. चौथ्या-पाचव्या महिन्यात पुन्हा पुन्हा गर्भ जाणाऱ्या बायकांच्या पिशवीच्या तोंडाला फेरा घालून ते बांधून ठेवण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९५५ मध्ये ‘द अँटिसेप्टिक’ या भारतीय नियतकालिकात मांडली. बांधायला सुरुवातीला त्यांनी धागा वापरला नव्हता. त्याच बाईच्या मांडीतल्या स्नायूंवरच्या जाड आवरणाची पट्टी कापून घेतली होती. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियात मॅकडॉनल्ड यांनी सोपा प्रकार काढला. आज डॉक्टर मेलबर्नचा असो की मिरजेचा, ‘शिरोडकर की मॅकडॉनल्ड?’ हा प्रश्न त्याला नवा नसतो. हा टाका बहुधा १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारास घालतात आणि ३६-३७ ला काढतात.

टाका म्हणजे हमी, असं मात्र समजू नये. १९९३ साली निकाल आलेल्या १,२९२ स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ३३ आठवड्यांच्या आत बाळंतपण टाका घातलेल्यांत १३ टक्के, न घातलेल्यांत १७ टक्के झालं. म्हणजे २५ जणींना टाका घातला तेव्हा एक बाळंतपण लांबलं. एवढंच? असं वाटतं खरं. पण या चाचणीतल्या स्त्रिया अशा होत्या, की त्यांना टाका ‘घालावा की नाही’ याची डॉक्टरांनाच खात्री नव्हती. ज्यांचं तोंड खरोखरच आपोआप उघडतं, त्यांच्यासाठी तो ‘एक’ म्हणजे सगळंच.

आता मोठे आकडे. ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलेलं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं. २०२० मध्ये जगात अशी अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यांतली सुमारे ३० लाख भारतात. जगातल्या दर पाचांतलं एकाहून जास्त आपलं. रोजचा हिशेब केला तर आठ हजारांहून अधिक, दर साडेदहा सेकंदांना एक. जगाचं प्रमाण २०१० मध्ये ९.८ टक्के होतं, २०२० मध्ये ९.९. दहा वर्षांत फोन बदलले, रस्ते बदलले, हा आकडा जागचा हलला नाही. पण या गर्दीतही पोटभेद आहेत: ३२ आठवड्यांच्या आतली त्यांत साधारण १५ टक्केच. उरलेल्यांना बहुतेक वेळा ऊब, दूध आणि जंतुसंसर्गापासून जपणूक मिळाली की निभावतं.

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे वाक्य अजून बाळंतिणीच्या खोलीत ऐकू येतं. प्राचीन ग्रीकांचीही अशीच समजूत होती, हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथसंग्रहात आठमाशी मुलावर स्वतंत्र प्रकरणच आहे. आकडे याच्या नेमकं उलट बोलतात. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूचा. चौतिसाव्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच असतं. उरलेला तिसरा हिस्सा शेवटच्या सहा आठवड्यांत भरतो.

तरी सगळ्यात अडतं ते फुप्फुसांपाशी. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे आधी, वजन २.१ किलो. आज एवढ्या वजनाचं बाळ तालुक्याच्या चांगल्या रुग्णालयातही डॉक्टरांना फारसं घाबरवत नाही. तो मुलगा ३९ तास जगला. फुप्फुसांतले हवेचे सूक्ष्म कप्पे श्वास सोडल्यावर मिटून चिकटू नयेत म्हणून शरीर एक स्निग्ध पदार्थ बनवतं, तो त्याच्याकडे पुरेसा नव्हता. त्या पदार्थाची कमतरता हेच कारण, हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं. पण औषध कुणाच्याच हातात नव्हतं, राष्ट्राध्यक्षांच्याही नाही.

ते सापडलं न्यूझीलंडमध्ये, मेंढ्यांच्या पोटी. ऑकलंडचे ग्रॅहम लिगिन्स बाळंतपण सुरू कशाने होतं ते शोधत होते. स्टेरॉइड दिलेली अपुऱ्या दिवसांची कोकरं, जी श्वास घ्यायला नको होती, ती श्वास घेताना दिसली. १९७२ मध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी २८२ मातांवरच्या चाचणीचा निकाल छापला. आज डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर १२ तासांनी, चार वेळा देतात. एकूण २४ मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाचं औषध. भारतासह पाच देशांत २,८५२ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत नवजात मृत्यूंचं प्रमाण २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आलं. २५ मातांना औषध दिलं की एक बाळ वाचतं. हा २५ पुन्हा आला, आणि या वेळी तो काही रुपयांच्या इंजेक्शनाला लागू आहे.

एक अट आहे: वेळ. इंजेक्शन आईला द्यायचं, बाळ बाहेर येण्याआधी, आणि पुरता परिणाम व्हायला सुमारे ४८ तास मिळायला हवेत. कळा थांबवणारी औषधं बाळंतपण महिनाभर लांबवत नाहीत, ती मुख्यतः हे दोन दिवस मिळवण्यासाठी असतात. बत्तीस आठवड्यांच्या आत असेल तर मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेटही याच वेळात जातं. नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात हलवायचं तेही तेव्हाच. म्हणून आईचं दुखणं नक्की कोणत्या तासाला कुणाच्या लक्षात आलं, यावर पुढचं बरंच ठरतं.

आणि लक्षणं तर अशी की घरात कुणी मान वर करून पाहू नये. कमरेच्या खालच्या भागात सतत, बोथट दुखणं. ‘बसून बसून अवघडली असशील.’ पाळी येताना ओढ लागते तशी ओटीपोटात ओढ. ‘गॅस झाले असतील.’ खाली जड वाटणं, बाळ खाली सरकल्यासारखं. पोटात मुरडा, कधी जुलाबासोबत, कधी नुसताच. अंगावरून जाणं वाढणं किंवा बदलणं: पाण्यासारखं, शेंबडासारखं चिकट, गुलाबी, तपकिरी. आणि पोट कडक होऊन सैल होणं, दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर, दुखो वा न दुखो. पिशवीचं तोंड आपोआप उघडतं तेव्हा बहुधा यांतली पहिली दोन-तीन लक्षणंच असतात, तीही सौम्य, चौथ्या ते सहाव्या महिन्यात. रक्त गेलं किंवा पाणमोट फुटून पाणी वाहू लागलं, तर घड्याळ बघत बसायचं नाही, निघायचंच.

आपल्या बायका दुखणं अंगावर काढण्यात पटाईत, आणि त्यांचं कौतुकही त्याचंच होतं. शिवाय ‘उगाच गेलो आणि काही निघालं नाही तर?’ हा संकोच. त्यावर एक आकडा पुरेसा आहे: मुदतीआधीच्या कळा असं निदान झालेल्यांतल्या दहा टक्क्यांहून कमी जणी पुढच्या सात दिवसांत बाळंत होतात, आणि त्यासाठी दाखल झालेल्यांतल्या साधारण निम्म्या पूर्ण दिवसांपर्यंत जातात. म्हणजे तपासून घरी पाठवलं जाणं हाच नेहमीचा निकाल. डॉक्टरांना तो ठाऊक असतो, त्यांना राग येत नाही. आला तर त्यांनी डॉक्टरकी सोडून दुसरं काही करावं.

आणखी एक. ‘पाय वर करून पडून राहा’ हा सल्ला पिढ्यान् पिढ्या दिला गेला, पण नुसत्या पडून राहण्याने बाळंतपण लांबतं असं सिद्ध झालेलं नाही. उलट पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. खाटेवर पडून वाट पाहण्यात जातात ते त्याच ४८ तासांतले तास.

फोन लावायचा तो दवाखान्याला, १०८ ला किंवा आशाताईंना. सांगायचं एवढंच: कितवा आठवडा, दुखणं कधीपासून आणि किती किती वेळाने, पाणी किंवा रक्त गेलं का, जुळं आहे का, कारण निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आतच येतात. आणि आधीच्या खेपेला लवकर बाळंतपण झालं असेल, चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ गेला असेल, किंवा आत्ता तोंडाला टाका घातलेला असेल, तर ते पहिल्याच वाक्यात.