शिक्षण, शील आणि समता : १८४८ ते १९२०

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या पहिल्या सत्तर वर्षांचा इतिहास सहसा शाळा, संस्था आणि पदव्या यांच्या क्रमाने सांगितला जातो. परंतु या काळात शिक्षणाच्या बाजूने जे युक्तिवाद झाले त्यांचा माग काढला, तर असे आढळते की स्त्रीला शिकवण्याची मुभा बहुधा तिच्या शीलाची हमी देऊन मिळवली गेली आणि पुढे तिने काय शिकावे हेही ती हमीच ठरवू लागली.

शील म्हणजे वर्तनाची शुद्धता. पण एकोणिसाव्या शतकातील वादांत स्त्रीपुरता त्याचा अर्थ पातिव्रत्य, म्हणजे पतीवरील अनन्य निष्ठा, आणि विधवेच्या बाबतीत आमरण संयम, एवढाच उरला होता. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या, तेव्हा लिहितावाचता आलेली स्त्री मर्यादा सोडील, ही भीती विरोधकांच्या मनात प्रबळ होती. शिकलेली स्त्री अधिक चांगली गृहिणी व माता होईल, असे उत्तर अनेक सुधारकांनी या भीतीला दिले. ते त्या काळी उपयोगी पडले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्यामुळे स्त्रीच्या शिक्षणाचे प्रयोजन तिच्या स्वतःच्या बाहेर जाऊन बसले. फुल्यांच्या शाळेचा हेतू या चौकटीत मावणारा नव्हता, हे तेथील मुक्ता या मांग समाजातील मुलीच्या निबंधावरून दिसते. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापलेल्या या निबंधात तिने मांग-महारांवरील अन्यायाचा जाब विचारला आहे, आदर्श गृहिणी होण्याची उमेद हा तिचा विषयच नाही.

या वादाला खरे वळण मिळाले ते १८८२ मध्ये. त्या वर्षी पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. त्यात स्त्रियांना विद्येचा, स्वावलंबनाचा आणि सदाचाराचा उपदेश आहे. त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंधही बाहेर पडला. त्याचे निमित्त असे की सुरतकडील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, जी पुढे अपिलात कमी करण्यात आली, आणि या प्रकरणावरून वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीच्या अनीतीवर आसूड ओढण्यास आरंभ केला. ताराबाईंनी बचाव केला नाही. त्यांनी स्त्रियांवर लादलेल्या प्रत्येक दोषाचे माप पुरुषांना लावून पाहिले. पत्नी मरताच दुसरी करणाऱ्या पुरुषाला जे नियम लागू नाहीत, ते पती मेलेल्या स्त्रीला का लागू असावेत, विधवा गरोदर राहते तेव्हा त्या पापातील पुरुष कोठे असतो, आणि धर्माची आज्ञा एकीलाच का बांधते, हे त्यांचे प्रश्न होते. त्या शीलाला निरर्थक ठरवत नाहीत, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. शील हे मूल्य असेल तर ते दोघांसाठी सारखे असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि म्हणूनच त्यांचा निबंध पातिव्रत्याचे गोडवे गाणाऱ्यांइतकाच त्याच पातिव्रत्याच्या आधारे स्त्रीशिक्षणाची वकिली करणाऱ्यांनाही अडचणीचा होता. या निबंधावर टीकेचे मोहोळ उठले, तेव्हा फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक विस्मृतीत गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते संपादून पुन्हा प्रसिद्ध केले. मधल्या नव्वद वर्षांत स्त्रीशिक्षणाच्या चर्चेला या युक्तिवादाची उणीव भासली नाही, ही गोष्ट क्लेशदायक आहे.

१८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली. मुलींनी इंग्रजी, गणित शिकावे की गृहकृत्ये, असा वाद उठला आणि मुलींना इंग्रजी, गणित शिकवण्याविरुद्ध ‘केसरी’ने पुढे लेखन केले. गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘सुधारक’मधून याच्या नेमकी उलट भूमिका मांडली : स्त्रियांना चरितार्थाचे, म्हणजे स्वतःचे पोट भरता येईल असे, शिक्षण द्यावे आणि मुलामुलींचे शिक्षण एकच असून ते एकत्र द्यावे. परावलंबी माणसाच्या सद्गुणात निवडीला वावच नसतो, हे या भूमिकेतून ओघानेच निघते.

संस्थांनी मात्र हा मार्ग धरला नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापले. मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा त्यांचा निर्णय धाडसी होता, परंतु स्त्रीचे कार्यक्षेत्र वेगळे म्हणून तिचा अभ्यासक्रमही काहीसा वेगळा, हे तत्त्व त्यांनी स्वीकारले. विधवांना उभे करण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले त्याच्या हेतूबद्दल संशय घेता येत नाही, तरीही जुन्या हमीची छाया या रचनेवर पडली आहे.

मुलामुलींना वेगळा नियम लावण्याची ही रीत प्राथमिक शिक्षणातही दिसली. पुण्याच्या नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा पैशाची टंचाई पुढे करून ही सक्ती आधी मुलांपुरती ठेवावी असा पक्ष उभा राहिला. १९२० मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रिया त्याविरुद्ध मिरवणुकीने रस्त्यावर उतरल्या, आणि जो नियम मुलग्यांना तोच मुलींना, एवढीच त्यांची मागणी होती.